फुकट हवा, नायट्रोजन की डिकीतला पंप? टायरमध्ये हवा भरायच्या सोयींची झाडाझडती

गाडीत हवा किती ठेवायची, हा प्रश्न गाडी बनवणाऱ्याने आधीच सोडवून ठेवलेला असतो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, सीटबेल्टच्या खांबाच्या खालच्या अंगाला एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत सापडतो. त्यावर टायरचा आकार, पुढच्या-मागच्या चाकांचा दाब आणि बहुतेकदा दोन रकाने असतात: गाडीत दोन-तीन माणसं असतानाचा आणि गाडी भरलेली असतानाचा. छोट्या आणि मध्यम गाड्यांचे आकडे साधारण ३० ते ३६ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पाउंड, दाबाचं एकक) पट्ट्यात येतात. स्टिकर केपीएमध्ये (किलोपास्कल) असेल तर सातने भागा, उत्तर पुरेसं जवळ येतं: २२० म्हणजे ३२, २३० म्हणजे ३३, २५० म्हणजे ३६. बारमध्ये असेल तर साडेचौदाने गुणा.

इतका सोपा आकडा असूनही रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये २५ पासून ४२ पर्यंत काहीही सापडतं. घोळ होतो मोजण्यात. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आहे. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली, आणि उन्हात न तापलेली. म्हणून हवा भरायच्या प्रत्येक सोयीला आम्ही एकच कसोटी लावली: ती तुम्हाला थंड टायरवर खरा आकडा कळू देते का? हवा कोणती, यंत्र किती चकचकीत, बीप वाजते की नाही, हे सगळं त्यानंतर.

आधी तापमानाचा हिशेब करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ३३ पीएसआय हा गेजवरचा, म्हणजे दाब मोजायच्या साधनावर दिसणारा दाब. त्यात वातावरणाचे १४.७ मिळवले की आतला खरा दाब ४७.७ होतो. तो केल्विन तापमानाच्या (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून येणाऱ्या) प्रमाणात वाढतो, म्हणजे दर अंशाला ०.१६ पीएसआय, दहा अंशांना दीडहून थोडा जास्त. नागपुरात मे महिन्यात पहाटे २८ अंशांना बरोबर ३३ भरलेला टायर डिसेंबरातल्या १२ अंशांच्या पहाटे अडीच पीएसआयने उतरलेला दिसेल, तोही एक थेंब हवा न गळता. शिवाय रबरातून महिन्याला एखाद पीएसआय झिरपतेच. उलट बाजूने, ३० अंशांवरचा टायर महामार्गावर ६० अंशांना गेला की ३३ चे जवळपास ३८ होतात. ही वाढ गाडी आणि टायर बनवणाऱ्यांनी धरलेली असते. टायरच्या भिंतीवर कमाल दाब ४४ किंवा ५१ असा छापलेला असतो, त्यापासून ३८ बरेच दूर आहे. त्या ४४ किंवा ५१ चा रोजच्या हवेशी काहीही संबंध नाही, ती सहन करायची हद्द आहे. तरीही ‘टायरवरच लिहिलंय’ म्हणून ४४ भरून घेणारे लोक भेटतात.

याच्याच उलट्या टोकाला दुसरी एक समजूत आहे, आणि ती जास्त धोक्याची: लांबच्या प्रवासाला निघताना, विशेषतः समृद्धी महामार्गावर, हवा दोन-तीन पीएसआय कमी ठेवावी म्हणजे टायर तापून फुटणार नाही. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, आणि या काळात ‘काँक्रीट तापतं म्हणून टायर फुटतात’ हे वाक्य घरोघरी पोचलं. रस्ता तापतो हे खरंच. पण टायरमधली बहुतेक उष्णता त्याच्या स्वतःच्या लवण्यातून येते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत दबते आणि सरळ होते. हवा कमी असेल तर ती जास्त दबते, रबर आणि आतले धागे जास्त घासले जातात, आणि ताशी १२० च्या वेगाने तासन्‌तास हे चाललं की भिंतीतले थर सुटायला लागतात. म्हणजे फुटण्याच्या भीतीने हवा कमी केली, तर फुटण्याचीच तयारी होते. लांब पल्ल्याला, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघताना स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा रकाना पाळायचा, आणि तो नेहमीपेक्षा जास्तच असतो.

आता सोयींकडे.

पेट्रोल पंपावरची हवा. सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर हवा फुकट देणं पंपचालकावर बंधनकारक आहे. यंत्र बंद असेल तर तक्रारवही मागता येते, आणि ती मागितल्यावर बंद यंत्र कधीकधी आश्चर्यकारक वेगाने सुरू होतं. डिजिटल यंत्राची पद्धत अशी: अधिक-उणेच्या बटनांनी आकडा ठरवायचा, नळीचं तोंड वॉल्व्हवर नीट बसवायचं, यंत्र थोडी हवा मारून थांबतं, मोजतं, पुन्हा मारतं, आणि आकडा आला की बीप देतं. जास्त असेल तर काढतंही. टायर पूर्ण बसलेला असेल तर यंत्राला दाबच जाणवत नाही आणि ते सुरूच होत नाही. त्यासाठी बसलेल्या टायरचं वेगळं बटन असतं.

यंत्र चांगलं असलं तर ही हवा मोजमापाने ठीक असते. अडचणी दोन. पहिली, पंपावर हवा भरणारा मुलगा सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतो, बहुधा ३५. मागची गाडी एसयूव्ही असेल तर तिचा आकडा तुमच्या हॅचबॅकला बसतो. तेव्हा पुढचं आणि मागचं वेगवेगळं सांगा आणि स्क्रीनवर बघा. नळीचं तोंड झिजलेलं असेल तर ‘फुस्स’ असा सतत आवाज येतो. तेव्हा यंत्र मोजतं ते टायरचा दाब नसून गळतीचा असतो, आणि बीप वाजली तरी टायरमध्ये दोन-तीन पीएसआय कमी राहतात. आवाज आला की तोंड सरळ धरून पुन्हा बसवायला सांगा.

दुसरी अडचण यंत्राच्या हातात नाही. पंपापर्यंत पोचेस्तोवर टायर गरम झालेला असतो. आठ-दहा किलोमीटर शहरात चालून दाब दोन-तीन पीएसआय चढतो. मग यंत्र ३३ वर थांबलं, तर सकाळी थंड टायरमध्ये ३० असतात. रोज ऑफिसवरून येताना हवा भरणाऱ्यांच्या गाड्या वर्षभर तीन पीएसआय कमी हवेवर चालतात, आणि टायरच्या दोन्ही कडा का झिजल्या याचं त्यांना नवल वाटतं. यावर एक तोडगा आहे, पण त्याला स्वतःचं गेज लागतं. सकाळी घरी थंड टायर मोजा. समजा ३३ ऐवजी २९ आहेत, म्हणजे तूट ४. पंपावर पोचल्यावर पुन्हा मोजा, समजा ३१ दिसतात. यंत्रावर ३१ अधिक ४ म्हणजे ३५ लावा. बस्स. आणि गरम टायरमध्ये ३६-३७ दिसले म्हणून हवा काढायची नाही, कधीच नाही.

पाचपैकी तीन गुण, आणि सोबत स्वतःचं गेज असेल तर चार.

पंक्चरवाल्याची हवा. हायवेवर रात्री अकरा वाजता हाच कामाला येतो, म्हणून त्याच्याबद्दल बोलताना जपून. त्याच्याकडचा कॉम्प्रेसर पंपावरच्या यंत्राच्या तोडीचा असतो, बहुधा टाकीही मोठी असते, हवा झपाट्याने भरते. कमकुवत दुवा त्याच्या हातातलं गेज: पेनासारखं, आतून पट्टी बाहेर येणारं. ही गेजं मुळात वाईट नाहीत. पण दिवसातून शंभर वेळा फरशीवर पडलेलं, तेल-मातीने भरलेलं गेज दोन-चार पीएसआय सहज चुकतं. ‘किती मारू?’ या प्रश्नाला ‘पस्तीस’ असं उत्तर दिलं की त्याच्या पट्टीवरचे पस्तीस मिळतात, खरे ३१ असोत की ३८. त्याच्याकडून भरून घ्या, मोजा स्वतः.

दुसरं म्हणजे पाणी. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते. टाकीच्या तळाला एक कॉक असतो, तो रोज उघडून पाणी काढायचं असतं. कोकणात आणि गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हे पाणी कपभर सहज निघतं. कॉक उघडला जात नसेल तर पाणी नळीवाटे टायरमध्ये जातं. त्याने काय बिघडतं? ३० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब ०.६ पीएसआय असतो, ६० अंशांना २.९. म्हणजे टायरमध्ये ओल असेल तर तापल्यावर नेहमीच्या वाढीच्या वर आणखी दोनेक पीएसआयची वाढ होते. स्टीलच्या रिमला आतून गंज चढतो तो वेगळा. ओळखायची खूण सोपी: नळीचं तोंड तळहातावर धरून क्षणभर दाबायला सांगा. तळहात ओला झाला तर दुसरं दुकान बघा.

नायट्रोजन. हिरव्या टोपणांची ही सेवा टायरच्या मोठ्या दुकानांत विकली जाते, टायरमागे पैसे घेऊन. सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी तीन: नायट्रोजन तापल्यावर फुगत नाही, गळत नाही, टायर फुटत नाही. पहिलं साफ खोटं आहे. वर दिलेला तापमानाचा हिशेब नायट्रोजनलाही तसाच लागू आहे. कोरडी हवा आणि नायट्रोजन यांच्या वाढीत मोजण्याजोगा फरक नाही. फरक पडतो तो ओलसर हवेशी तुलना केली तर, आणि तिथे श्रेय कोरडेपणाचं. नीट पाणी काढलेल्या कॉम्प्रेसरची हवा तेच काम करते. तिसरा दावा पहिल्यावरच उभा आहे, म्हणून तोही टिकत नाही.

दुसऱ्या दाव्यात थोडं तथ्य आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने ३० पीएसआय भरलेले टायर वर्षभर ठेवून पाहिले. साध्या हवेचे सरासरी ३.५ पीएसआय उतरले, नायट्रोजनचे २.२. म्हणजे वर्षाकाठी सव्वा पीएसआयचा फायदा. महिन्यातून एकदा हवा बघणाऱ्याला तो जाणवणारही नाही. जो बघतच नाही त्याचा टायर दोन्ही परिस्थितीत कमीच राहणार.

शिवाय मिळतो तो खरंच नायट्रोजन असतो का? साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. दुकानातलं यंत्र समजा ९५ टक्के शुद्ध देतं. टायर पूर्ण मोकळा केला तरी आत वातावरणाच्या दाबाची साधी हवा उरते. तिच्यावर ३३ पीएसआय नायट्रोजन मारला, तर एकूण मिश्रण ९० टक्क्यांच्या आसपास येतं. त्यापुढे जायला टायर दोन-तीनदा भरून रिकामा करावा लागतो. गर्दीच्या दुकानात हे होत नाही. वॉल्व्ह उघडून फुस्स केलं आणि पुन्हा भरलं की हिरवं टोपण लागतं.

नुकसान काही नाही, पैसे जातात इतकंच. खरा तोटा वेगळा: ‘माझ्या टायरमध्ये नायट्रोजन आहे, साधी हवा चालणार नाही’ या समजुतीने माणूस २७ पीएसआयवर गाडी चालवत नायट्रोजनचं दुकान शोधत राहतो. नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा बिनदिक्कत भरा. काहीही होत नाही. पाचपैकी दोन.

डिकीतला बारा व्होल्टचा पंप. कसोटी थंड टायरची असेल तर खरी स्पर्धा इथे संपते, कारण घरच्या पार्किंगमध्ये सकाळी सात वाजता हवा देऊ शकणारी ही एकच सोय आहे. किंमत साधारण दीड ते साडेतीन हजार. बाजारात दोन घराणी: सिगारेट लायटरच्या सॉकेटला लागणारे वायरचे पंप, आणि लिथियम बॅटरीचे बिनवायरचे.

वायरचा पंप घेताना खोक्यावरचा ‘१५० पीएसआय’ हा आकडा विसरा, कारच्या टायरला त्याचा उपयोग नाही. ‘मिनिटाला ३५ लिटर’ हाही समोर दाब नसतानाचा असतो. खरं काम असं मोजा: १८५/६५ आर१५ टायरच्या आत साधारण २८ लिटर जागा असते. शून्यापासून ३५ पीएसआय भरायला ६७ लिटर हवा लागते. बरा पंप हे काम चार-पाच मिनिटांत करतो, म्हणजे प्रत्यक्षात मिनिटाला पंधराएक लिटर. ३० चे ३३ करायला सहाच लिटर लागतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आसपास. विक्रेता ‘दोन मिनिटांत शून्य ते ३५’ म्हणत असेल तर तो सॉकेटच्या पंपाबद्दल बोलत नाहीये, कारण सॉकेटवरून तेवढी वीज मिळत नाही.

विजेची मर्यादा फ्यूजमध्ये लिहिलेली असते. सॉकेटचा फ्यूज १० अँपिअरचा असेल तर १२० वॅट, १५ चा असेल तर १८०. पंप त्याहून मोठा घेतला तर पहिल्याच वापरात फ्यूज उडतो, आणि त्यासोबत फोन चार्जिंगही जातं. गाडीच्या पुस्तिकेत फ्यूज बघून मगच पंप निवडा. बॅटरीला थेट चिमटे लावायचे पंप ताकदवान असतात, मोठ्या एसयूव्हीला तेच घ्यावेत, पण दर वेळी बॉनेट उघडायचा कंटाळा येऊन ते डिकीतच राहतात. वायरची लांबी बघायला लोक विसरतात. सॉकेट डॅशबोर्डवर, आणि मागचं पलीकडचं चाक तीन मीटरच्या पुढे. नळी जेमतेम हातभर. साडेतीन मीटर वायर हवीच.

नळीचं तोंड फिरवून बसवायचं असेल तर काढताना चार-पाच आटे सोडेस्तोवर अर्धा पीएसआय निसटतो. खटक्याचं तोंड लवकर निघतं, पण त्यातला रबरी वायसर वर्षा-दोन वर्षांत झिजतो आणि मग ते सुटून येतं. दोन्हींत आमची पसंती आट्यांच्या तोंडाला आहे, कारण गळत नाही. फक्त धातूचं असेल तर लगेच हात लावू नका. दाबलेली हवा गरम होते, पाच मिनिटांनी तोंड चटका देण्याइतकं तापलेलं असतं.

पंपाच्या पडद्यावरचा आकडा कितपत खरा? पंप चालू असताना तो जास्त दाखवतो, कारण हवा नळीतून ढकलली जात असते आणि दाब मोजणारा सेन्सर पंपाच्या बाजूला असतो. थांबल्यावर आकडा खाली येतो. चांगला पंप थांबून स्वतः पुन्हा मोजतो. स्वस्तातला पहिल्यांदा ३३ दिसले की बंद होतो आणि टायरमध्ये ३२ राहतात. यावर पंप बदलायची गरज नाही. एकदा वेगळ्या गेजने मोजा, फरक लक्षात ठेवा, आणि नेहमी तेवढा जास्त आकडा लावा. पंप चुकतो तेव्हा बहुधा दर वेळी सारखाच चुकतो.

वापरायची रीत: गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, टोपण खिशात, आधी नुसतं मोजायचं, मग भरायचं. चार टायरांत तीन-तीन पीएसआय भरायचे असतील तर इंजिन बंद ठेवून बॅटरीवर काम होतं. बसलेला टायर भरायचा असेल तर इंजिन चालू ठेवा, पण मोकळ्या जागेत. बेसमेंटच्या बंद पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं म्हणजे धूर छातीत भरणं. सलग चालवायची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते, बहुतेक पंपांना दहा ते पंधरा मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. ती मोडली की आतल्या पिस्टनची सील वितळते. पंप आवाज करत राहतो, हवा मात्र येत नाही. बंद पडलेल्या पंपांत हा प्रकार पुष्कळ सापडतो.

बिनवायरचे पंप दिसायला देखणे, हातात मावणारे. घरात स्कूटर, सायकल आणि कार तिन्ही असतील तर हेच घ्यावेत. चार टायरांना थोडी थोडी हवा द्यायला एक चार्ज पुरतो; शून्यावरून मात्र एक-दोनच टायर निघतात. दोन गोष्टी सांभाळा. काहींचा आकडा मुळात बारमध्ये असतो आणि कारसाठी आधीच २.५ लावलेला येतो, म्हणजे ३६ पीएसआय. न बघता बटन दाबलं तर ३० च्या गाडीत ३६ जातात. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत हे पडून राहिले की बॅटरी लवकर म्हातारी होते. घरात ठेवले तर रस्त्यात लागतील तेव्हा घरात असतील, हा या प्रकाराचा मूळ दोष. महामार्गावर जाणाऱ्यांसाठी आमचं मत वायरच्या पंपाला: साडेचार. बिनवायरच्याला साडेतीन.

पण हजार रुपयेच खर्चायचे असतील तर पंप नको, गेज घ्या. पेट्रोल पंपावर हवा फुकट आहे, फुकट नसलेली गोष्ट म्हणजे खात्री. काट्याचं गेज घेणार असाल तर ० ते ६० ची तबकडी निवडा. काट्याची गेजं मधल्या पट्ट्यात सर्वांत अचूक असतात, ० ते १५० च्या तबकडीवर ३३ हा आकडा कोपऱ्यात जातो आणि दोन रेघांमध्ये हरवतो. लवचिक नळी आणि हवा सोडायचं बटन असलेलं घ्या. डिजिटल असेल तर अर्ध्या पीएसआयपर्यंत वाचणारं. तपासायला प्रयोगशाळा नको: एकच टायर तीनदा मोजा. तीनदा अर्ध्या पीएसआयच्या आत आकडा आला तर गेज कामाचं. ३१, ३३, ३० असं आलं तर परत करा.

मोजून झाल्यावर वॉल्व्हच्या तोंडाला थुंकी किंवा साबणाचं पाणी लावा. बुडबुडा फुगला तर आतली पिन सैल आहे. काही रुपयांच्या चावीने पाव फेरा घट्ट केली की थांबतो. एकाच चाकाची हवा दर आठवड्याला उतरत असेल तर पंक्चर शोधण्याआधी हे बघा, आणि नंतर रिमची कड. मिश्रधातूच्या रिमवर टायर बसतो तिथे पांढरा गंज चढतो, किनाऱ्याच्या गावांत लवकर.

ज्यांनी टायरचा आकार बदललाय त्यांना स्टिकर अर्धवटच उपयोगी. इथे टायरवरचा भारांक बघायचा, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा क्रमांक. ८८ म्हणजे ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५, पण हे किलो ३६ पीएसआयवरचे; हवा कमी तशी ताकद कमी. ८८ चा टायर ३० पीएसआयवर अंदाजे ४८५ किलो उचलतो, २६ वर ४३०. नवा टायर सारख्या किंवा मोठ्या भारांकाचा असेल तर स्टिकरचाच आकडा ठेवा. एक सापळा मात्र आहे. ‘एक्सएल’ (एक्स्ट्रा लोड) शिक्क्याचे टायर जास्त भार उचलतात, पण त्यांचा भारांक ४२ पीएसआय धरून लिहिलेला असतो. म्हणून ३३ पीएसआयवर ९१ चा एक्सएल टायर ५१० किलोच्या आसपास राहतो आणि ८८ चा साधा टायर ५२५ च्या. मजबूत टायर घेतला म्हणून हवा कमी ठेवायची नसते, उलट एक-दीड पीएसआय वाढवायची.

बाहेरून बसवलेल्या सीएनजीबद्दलही हेच. टाकी आणि तिचं सामान मिळून मागच्या चाकांवर मोठ्या माणसाइतकं वजन कायमचं बसतं, आणि स्टिकरला त्याची खबर नसते. अशा गाडीत मागच्या चाकांना नेहमीच भरलेल्या गाडीचा रकाना लावा. कंपनीतूनच सीएनजी आलेल्या गाडीचा स्टिकर ते वजन धरून असतो.

पावसाळ्यात हवा कमी करा म्हणजे पकड वाढते, असंही सांगतात. नासाने विमानाच्या चाकांवरून काढलेलं एक जुनं सूत्र आहे, पाण्यावर चाक तरंगायला लागतं त्या वेगाचं; तो वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३२ पीएसआयला ताशी ९४ किलोमीटर येतात, २४ ला ८२. कारच्या टायरला नक्षीची खोली आणि पाण्याची खोली यांनी हे आकडे हलतात, पण दिशा तीच राहते: हवा कमी तर चाक लवकर तरंगतं. खड्ड्यांसाठी हवा कमी करणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. मऊ टायर खड्ड्याच्या कडेवर रिमपर्यंत दबतो, आतले धागे चिमटून तुटतात, आणि दोन दिवसांनी भिंतीवर टेंगूळ येतं. त्याला दुरुस्ती नाही.

घाटाचं गणित गमतीशीर आहे. मुंबईहून महाबळेश्वरला, म्हणजे साडेतेराशे मीटर वर गेलं की बाहेरचा दाब २.२ पीएसआयने घटतो आणि गेज तेवढं जास्त दाखवतं. वरच्या थंडीने त्यातले दीडएक परत जातात. म्हणून वर पोचल्यावर काही करायचं नाही, खाली उतरल्यावरही नाही.

नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर टायरच्या दाबाचा दिवा असतो. त्यामुळे गेज नको, असं नाही. ज्या गाडीत प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो तिथे वॉल्व्हमध्ये सेन्सर असतो आणि तो भरवशाचा. जिथे नुसता पिवळा दिवा आहे तिथे अनेकदा एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकाचा वेग मोजला जातो: हवा उतरलेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जरा जास्त फिरतं. चारही चाकांची हवा महिनोन्‌महिने सारखीच उतरली तर या पद्धतीला काही कळत नाही. आणि हवा भरल्यावर मेनूत जाऊन तिला नव्याने शिकवावं लागतं. हवा नीट न भरता चुकीच्या दाबावरच बटन दाबलं तर ती चुकीलाच बरोबर धरते. सेन्सरवाल्या वॉल्व्हला पितळी किंवा स्टीलची शोभेची टोपणं लावू नका. खाऱ्या हवेत ती अॅल्युमिनियमच्या आट्यांना चिकटून बसतात, आणि टोपण काढताना सेन्सरसकट वॉल्व्ह तुटतो. प्लास्टिकचं टोपण दोन रुपयांत येतं.

शेवटी स्टेपनी. कोणी बघत नाही म्हणून ती नेमकी लागेल तेव्हा १५ पीएसआयवर असते. पूर्ण आकाराची असेल तर स्टिकरच्या मोठ्या आकड्याहून दोन-तीन जास्त भरून ठेवा, लागेल तेव्हा काढता येते. बारीक तात्पुरत्या स्टेपनीवर ६० पीएसआय लिहिलेलं असतं आणि ते खरोखर ६० च असतं, छपाईची चूक नाही. पंपावरचा मुलगा ३५ वर थांबेल, त्याला दाखवा. त्या चाकावर ताशी ८० च्या वर जायचं नाही. २०२० च्या नियमबदलानंतर दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर ट्यूबलेस टायरच्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. तुमची गाडी तशी असेल तर डिकीतल्या, पंक्चर बुजवणाऱ्या पांढऱ्या द्रवाच्या बाटलीवरची मुदत आजच बघा. ती संपली की द्रव घट्ट होतो आणि नळीतच अडकतो.